कामाला पैसा मिळतो, संस्थेला का नाही?

स्वयंसेवी संस्थेला देणगी देताना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. किती गावांत काम आहे? किती मुले शाळेत परत आली? किती महिलांची तपासणी झाली? हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्या संस्थेचा हिशेब कोण लिहितो, त्याचा पगार कुठून येतो, संस्थापक उद्या थांबले तर काम कोण पुढे नेईल, विश्वस्तांची शेवटची बैठक कधी झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. परिणामी प्रकल्प तीन वर्षे जोमात चालतो आणि निधी संपताच शिकून तयार झालेली माणसे पांगतात. नवा प्रकल्प मिळाला की संस्था पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असते.

ही कोंडी फोडण्यासाठी दिला जाणारा पैसा म्हणजे संस्थात्मक बळकटीचे अनुदान. क्षेत्रात त्याला क्षमताबांधणी निधी किंवा कपॅसिटी बिल्डिंग ग्रांट म्हणतात. असा निधी मागणे म्हणजे लाभार्थ्यांच्या तोंडचा घास काढून कार्यालयावर खर्च करणे, असा समज अनेक देणगीदारांचा असतो आणि अनेक कार्यकर्त्यांचाही. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी लाभार्थीच मोजतात.

हे अनुदान वेगळे कसे?

संस्थेकडे येणारा पैसा साधारण तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकल्प निधी. ठरलेले काम, ठरलेली मुदत, ठरलेले अंदाजपत्रक. दुसऱ्या कामावर तो वापरता येत नाही आणि उरला तर बहुधा परत करावा लागतो.

दुसरा मुक्त किंवा सर्वसाधारण निधी. उद्दिष्टांच्या चौकटीत राहून तो कुठे वापरायचा हे संस्था ठरवते. मित्रपरिवाराच्या देणग्या आणि वार्षिक निधी संकलनाचे पैसे बहुतेक वेळा या प्रकारात येतात.

तिसरा संस्थात्मक बळकटीचा निधी. हा संस्थेच्या स्वतःच्या ताकदीसाठी मिळतो. हिशेबाची पद्धत सुधारणे, दुसरी फळी तयार करणे, माहिती व्यवस्थित साठवणे, निधी उभारणीसाठी माणूस नेमणे, अशा गोष्टी त्यातून होतात. याचे यश लाभार्थ्यांच्या संख्येवर मोजत नाहीत. दोन-तीन वर्षांनी संस्था आधी जे करू शकत नव्हती ते आता करू शकते का, हा त्याचा निकष असतो.

दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र देणारे दातेही आहेत आणि तो मार्ग उत्तम ठरतो. कारण महिनाअखेरीच्या पगाराची चिंता असलेल्या संस्थेला पाच वर्षांचा आराखडा करायला सांगून उपयोग नसतो.

हा पैसा नेमका कशावर खर्च होतो?

*हिशेब आणि ऑडिट.* चार दात्यांचा पैसा एकाच खात्यात येतो आणि कोणाचा किती खर्च झाला हे मार्चअखेरीला शोधावे लागते, ही लहान संस्थांची नेहमीची अडचण. प्रशिक्षित लेखापाल, प्रत्येक दात्याचा खर्च वेगळा दाखवणारी टॅलीची मांडणी, दर तिमाहीचे अंतर्गत लेखापरीक्षण, एवढे झाले तरी वर्षभरात फरक दिसतो. विनियोग प्रमाणपत्र वेळेवर गेले तर पुढचा हप्ताही वेळेवर येतो.

*कायदेशीर पूर्तता.* महाराष्ट्रातील न्यास ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. विश्वस्त बदलला, निवृत्त झाला किंवा वारला, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. हे वर्षानुवर्षे राहून गेले की बँकेतल्या सह्या, नव्या नोंदण्या आणि मोठ्या दात्यांची छाननी असे सगळेच अडते. आयकर सवलतीची १२एबी आणि ८०जी नोंदणी एकदा घेतली की कायमची, हे दिवसही गेले. त्यांचे आता ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे आणि त्यात कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवी. वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. हे सर्व सांभाळायला जाणता माणूस लागतो आणि त्याला मानधनही द्यावे लागते.

*माणसे.* बहुतेक संस्थांमध्ये संस्थापकच प्रकल्प पाहतात, प्रस्ताव लिहितात, दात्यांना भेटतात आणि भांडणेही मिटवतात. दुसरी फळी तयार करायची तर जाणत्या कार्यकर्त्यांना अधिकार, प्रशिक्षण आणि टिकून राहावेसे वाटेल इतके वेतन द्यावे लागते. बळकटीच्या निधीतला सर्वांत मोलाचा वाटा बहुधा याच कामाला जातो.

*विश्वस्त मंडळ.* कागदावर सात विश्वस्त आणि प्रत्यक्षात निर्णय घेणारा एकच, ही स्थिती कार्यक्षेत्रात कितीही चांगले काम असले तरी धोक्याची असते. कायदा, वित्त आणि कामाच्या विषयातले जाणकार मंडळावर आणणे, बैठकांची इतिवृत्ते नीट ठेवणे आणि हितसंबंधांचा संघर्ष टाळण्याचे नियम लेखी करणे याला मोठा खर्च नसतो. मात्र त्यासाठी बाहेरून कोणीतरी धीराने सोबत करावी लागते.

*माहितीची व्यवस्था.* कार्यकर्त्यांच्या वह्यांत दहा वर्षांचे अनुभव पडून असतात आणि दाता विचारतो तेव्हा आकडे मिळत नाहीत. साधे मोबाइल अर्ज, त्यांचे प्रशिक्षण आणि महिन्यातून एकदा आकडे समोर ठेवून होणारी बैठक यांतून काम सुधारते. लोकांची खासगी माहिती सांभाळण्याची जबाबदारीही आता वाढली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची ओळख प्रत्येक संस्थेला हवी.

*निधी उभारणी.* एकाच कंपनीवर किंवा एकाच परदेशी दात्यावर अवलंबून असलेली संस्था त्या दात्याचे धोरण बदलताच कोलमडते. लहान देणगीदारांचा पाया वाढवायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तेवढा काळ त्या कामाचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

संस्था अशक्त का राहतात?

या प्रश्नाची नेमकी मांडणी २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’ या नियतकालिकात झाली. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेच्या अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी संस्थांच्या उपासमारीचे दुष्टचक्र उलगडून दाखवले. दात्यांना प्रशासकीय खर्च अवास्तव कमी हवा असतो. निधी हातचा जाऊ नये म्हणून संस्था तो खर्च खरोखरच कमी करतात आणि उरलेला कागदावर दुसरीकडे दाखवतात. ते कमी आकडे पाहून पुढच्या दात्यालाही तेवढेच शक्य आहे असे वाटते. चक्राच्या प्रत्येक फेरीत संस्था आणखी खंगते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन माहिती आणि मानांकन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिले. फक्त प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असे आवाहन त्यात होते.

भारतातली स्थितीही मोजली गेली आहे. ब्रिजस्पॅनने काही भारतीय आणि परदेशी दात्यांसह २०२० मध्ये ‘पे व्हॉट इट टेक्स इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. त्यात ३८८ संस्थांचे सर्वेक्षण झाले. अप्रत्यक्ष खर्चासाठी पैसा मिळवताना अडचण येते, असे ८३ टक्के संस्थांनी सांगितले. ५४ टक्के संस्थांकडे तीन महिने पुरेल एवढीही गंगाजळी नव्हती. नावाजलेल्या ४० संस्थांचे हिशेब तपासले तेव्हा अप्रत्यक्ष खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे सर्वांना एकच टक्केवारी लावणे मुळातच चूक आहे. रुग्णालय चालवणारी संस्था, संशोधन करणारी संस्था आणि वाडीवस्तीवर बालवाड्या चालवणारी संस्था यांचे खर्च सारखे असूच शकत नाहीत.

महाराष्ट्राने हा धडा आधीच गिरवला आहे

आधी क्षमता, मग मोठा निधी, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला गेला. फादर हर्मन बाखर यांचा त्यात पुढाकार होता. जर्मन सरकारचा निधी, नाबार्डची यंत्रणा, स्थानिक संस्था आणि गावकरी अशी त्याची रचना होती. या कार्यक्रमाला साथ देण्यासाठी १९९३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली.

त्या कार्यक्रमाचे दोन टप्पे होते आणि पहिल्या टप्प्याचे नावच क्षमताबांधणीचा टप्पा असे होते. पूर्ण पाणलोटाचा पैसा लगेच मिळत नसे. आधी शिवाराच्या एका लहान तुकड्यावर काम करायचे. त्यातून गावाची पाणलोट समिती आणि सोबतची संस्था मोजणी, आराखडा, मजुरीचा हिशेब आणि देखरेख शिकत. गावाने श्रमदान करायचे आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवून पाळायची. एवढे जमले की पुढच्या, पूर्ण अंमलबजावणीच्या टप्प्याचा मोठा निधी नाबार्डमार्फत मिळत असे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांचे बदललेले रूप याच वाटेने आले.

या अनुभवावर उभारलेला पाणलोट विकास निधी १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये २०० कोटी रुपयांनी सुरू झाला आणि ही पद्धत इतर राज्यांत पोहोचली. शिकण्याचा काळ आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे धरला होता, म्हणून पुढचा मोठा पैसा वाया गेला नाही. आरोग्य, शिक्षण, अपंगत्व, महिला हक्क अशा क्षेत्रांतल्या दात्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

कायदा काय म्हणतो?

संस्थांमध्ये आणि कंपन्यांमध्येही याबद्दल गैरसमज आहेत. तीन गोष्टी स्पष्ट असायला हव्यात.

*सीएसआर.* कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. पात्र कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ‘सीएसआरमध्ये संस्थेला फक्त ५ टक्के प्रशासकीय खर्च घेता येतो’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. नियमातील व्याख्या वेगळे सांगते. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. म्हणून प्रकल्पासाठी लागणारा लेखापाल, माहिती अधिकारी किंवा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण प्रस्तावात नावानिशी मांडावे. नियमांत बहुवार्षिक प्रकल्पालाही जागा आहे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालू शकतो. दरवर्षी मार्चमध्ये नव्याने सुरुवात करण्याची सक्ती नाही.

*परदेशी निधी.* एफसीआरए कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावरही बंदी आली. पूर्वी मोठ्या संस्था गावपातळीवरच्या लहान संस्थांना निधी देत आणि त्यासोबत हिशेब, अहवाल आणि नियोजनही शिकवत. ती वाट बंद झाल्याने लहान संस्थांच्या बळकटीची जबाबदारी आता देशातल्या दात्यांवर आली आहे.

*शिल्लक.* संस्थेने वर्षाचा सगळा पैसा संपवलाच पाहिजे, असे आयकर कायदा सांगत नाही. उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करायची आणि १५ टक्क्यांपर्यंत बाजूला ठेवायची मुभा आहे. त्याहून जास्त रक्कम विशिष्ट हेतूसाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात वेळेत निवेदन द्यावे लागते. महापूर, साथरोग किंवा दात्याची माघार अशा वेळी ही गंगाजळीच संस्थेला तारते. ती उभी करण्यात अप्रामाणिक असे काही नाही.

असा निधी कोण देते?

जागतिक पातळीवरचे मोठे उदाहरण फोर्ड फाउंडेशनच्या ‘बिल्ड’ उपक्रमाचे. २०१६ मध्ये १ अब्ज डॉलर बाजूला काढून त्यांनी निवडक संस्थांना पाच वर्षांचा, लवचीक आणि संस्थात्मक बळकटीला जोडलेला निधी दिला. नंतर तेवढीच रक्कम पुन्हा जाहीर केली.

भारतात मुंबईच्या एडेलगिव्ह फाउंडेशनने कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अनेक दात्यांना एकत्र आणून १०० कोटी रुपयांचा ‘ग्रो फंड’ उभारला. देशभरातल्या १०० तळागाळातल्या संस्था निवडून प्रत्येकीला २४ महिन्यांत ८० लाख रुपयांपर्यंत देण्याची ती योजना होती. संस्थेचा मूळ खर्च आणि क्षमता हाच तिचा विषय होता. अनेक दात्यांनी एकत्र येऊन असा निधी उभारणे हा पुढचा मार्ग दिसतो. त्यात एका दात्यावरचा भार हलका होतो आणि संस्थेला पाच अर्ज व पाच अहवाल लिहावे लागत नाहीत.

सामाजिक शेअर बाजार ही निधी उभारण्याची नवी वाट आहे. सेबीने २०२२ मध्ये त्याची चौकट जाहीर केली. त्यासोबत संस्थांच्या तयारीसाठी १०० कोटी रुपयांच्या क्षमताबांधणी निधीची कल्पनाही पुढे आली. तिथे नोंदणी केली म्हणजे लगेच पैसा उभारावाच लागतो असे नाही. पण नोंदणीसाठी हिशेब, कारभार आणि सामाजिक परिणाम यांची जी मांडणी करावी लागते, तीच संस्थेला शिस्त लावते.

पैशाऐवजी कौशल्य देणाऱ्यांनाही विसरू नये. मुंबईचे सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी १९८६ पासून संस्थांना कायदा आणि पूर्ततेबाबत मार्गदर्शन करत आले आहे. टूलबॉक्स इंडिया व्यावसायिकांचे कौशल्य संस्थांपर्यंत नेते. आत्मा ही संस्था शिक्षणक्षेत्रातल्या लहान संस्थांच्या बांधणीत सोबत करते. तालुक्याच्या गावी निवृत्त बँक अधिकारी, सनदी लेखापाल, वकील, प्राध्यापक असतातच. त्यांचा आठवड्यातला अर्धा दिवस मिळाला तरी संस्थेचा कारभार बदलू शकतो. परदेशातली महाराष्ट्र मंडळे आणि तिथले मराठी देणगीदार एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थांना नियमात राहून हाच आधार देऊ शकतात.

मागण्याआधी खरा खर्च काढा

दात्याकडे जाण्यापूर्वी आपले काम खरोखर किती रुपयांत होते, हे संस्थेला माहीत हवे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका संस्थेचे ३० लाख, २० लाख आणि १० लाख रुपये थेट खर्चाचे तीन प्रकल्प आहेत. थेट खर्च एकूण ६० लाख. याशिवाय वर्षभराचा सामाईक खर्च असा:

- लेखापालाचे वेतन: २ लाख ४० हजार
- कार्यालयाचे भाडे, वीज, देखभाल: १ लाख ८० हजार
- ऑडिट आणि कायदेशीर पूर्तता: १ लाख २० हजार
- संचालकांच्या वेतनाचा कोणत्याही प्रकल्पावर न टाकलेला भाग: ३ लाख ६० हजार
- इंटरनेट, संगणक, प्रवास: ६० हजार

बेरीज ९ लाख ६० हजार, म्हणजे थेट खर्चाच्या १६ टक्के. त्यामुळे ३० लाखांच्या प्रकल्पाचा खरा खर्च ३४ लाख ८० हजार आहे. दात्याने सामाईक खर्चापोटी ५ टक्के, म्हणजे दीड लाख दिले, तर ३ लाख ३० हजार रुपयांची तूट पडते. ही तूट कोण भरते? बहुधा कमी पगारावर राबणारे कार्यकर्ते, विश्वस्तांच्या खिशातला पैसा आणि रात्री जागून अहवाल लिहिणारे संचालक. हा तक्ता समोर ठेवला की दात्याशी होणारा संवाद बदलतो. प्रामाणिक आकड्याला नकार देणे अवघड असते.

गरज ओळखण्याची पद्धत

सगळेच हवे असे म्हणणारा प्रस्ताव टिकत नाही. आधी संस्थेने स्वतःची तपासणी करावी. विश्वस्त, संचालक, क्षेत्रीय कार्यकर्ते आणि लेखापाल यांनी एकत्र बसून कारभार, वित्त, मनुष्यबळ, कार्यक्रमाचा दर्जा, माहिती, निधी उभारणी आणि लोकसंपर्क या सात बाबींत संस्था कुठे आहे ते ठरवावे. बाहेरचा जाणकार बोलावला तर उत्तम, कारण घरच्या माणसांना सवयीच्या उणिवा दिसत नाहीत. या बैठकीत क्षेत्रीय कार्यकर्त्यांना मोकळेपणी बोलता आले पाहिजे. अडचण कुठे आहे हे त्यांना सर्वांत आधी कळते.

त्यातून दोन किंवा तीनच गोष्टी निवडाव्यात. पाच लाख रुपये उलाढाल असलेल्या संस्थेला महागडे सॉफ्टवेअर नको, अर्धवेळ लेखापाल आणि पूर्ण झालेले बदल अर्ज हवेत. पाच कोटींच्या संस्थेला मनुष्यबळ धोरण, अंतर्गत लेखापरीक्षण आणि उत्तराधिकाराची योजना हवी.

प्रस्तावात काय लिहावे?

चांगल्या प्रस्तावात पाच गोष्टी स्पष्ट असतात.

१. आजची स्थिती. ‘विनियोग प्रमाणपत्रे सरासरी दोन महिने उशिरा जातात’ असे नेमके लिहावे. ‘क्षमता वाढवण्याची गरज आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही.

२. कामावर होणारा परिणाम. हप्ता उशिरा आल्याने शिक्षिकांचे मानधन थकते आणि वर्ग बंद पडतात, हा धागा जोडून दाखवावा.

३. उपाय आणि वेळापत्रक. कोण, काय, कोणत्या तिमाहीत करणार हे असावे.

४. मोजमाप. किती जणांनी प्रशिक्षण घेतले यापेक्षा त्यानंतर काय बदलले ते महत्त्वाचे. प्रमाणपत्र १५ दिवसांत जाणे, विश्वस्तांच्या वर्षात चार बैठका होणे, एका दात्यावरचे अवलंबित्व ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येणे, अशी चिन्हे तपासता येतात.

५. अनुदान संपल्यावर काय? नवा पगार पहिल्या वर्षी पूर्ण अनुदानातून, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, अशी उतरती मांडणी करावी. उरलेला भाग कोणत्या उत्पन्नातून येणार हेही सांगावे.

अनुदान मिळाल्यावरचे धोके

पहिला धोका सल्लागाराच्या जाड अहवालाचा. इंग्रजीत लिहिलेले मनुष्यबळ धोरण कपाटात राहते, कारण ज्यांच्यासाठी ते आहे त्या कार्यकर्त्यांनी ते वाचलेले नसते. धोरणे मराठीत, दोन-चार पानांत आणि कार्यकर्त्यांशी चर्चा करूनच व्हावीत.

दुसरा धोका एकदम वाढण्याचा. पैसा आला म्हणून पाच नवी माणसे आणि मोठे कार्यालय घेतले तर दोन वर्षांनी तीच माणसे कमी करावी लागतात. माणसे कमी करण्याची जखम संस्थेत फार काळ राहते.

तिसरा धोका मूळ स्वभाव हरवण्याचा. लोकांच्या चळवळीतून उभी राहिलेली संस्था तक्ते आणि सादरीकरणांत इतकी गुंतू नये की वस्तीवरची बैठक मागे पडेल. व्यवस्था लोकांच्या कामासाठी आहे, हे विश्वस्तांनी वेळोवेळी तपासत राहावे.

देणाऱ्यांसाठी थोडे

प्रत्येक दात्याला १०० कोटींचा निधी उभारता येणार नाही. तरी काही गोष्टी कोणालाही जमतात. प्रकल्पासोबत त्याचा न्याय्य सामाईक खर्च द्या. शक्य असेल तिथे तीन वर्षांचा शब्द द्या. अहवालाचे नमुने सोपे करा आणि ते मराठीत स्वीकारा. वर्षाला दहा हजार देणाऱ्या व्यक्तीनेही पावतीवर ‘संस्थेच्या गरजेप्रमाणे वापरावे’ एवढे लिहिले, तर त्या रकमेचा उपयोग कितीतरी वाढतो. देणगी देताना ऑडिट झालेला ताळेबंद जरूर मागा. त्यात प्रशासकीय खर्च शून्याजवळ दिसला तर कौतुक करण्याआधी विचारा, की मग हिशेब कोण लिहिते आणि त्याला पगार कोण देते?

संस्थांनीही संकोच सोडावा. प्रामाणिक हिशेब, जाणते विश्वस्त, सन्मानाने जगता येईल एवढे वेतन आणि सहा महिने पुरेल एवढी शिल्लक या चैनीच्या गोष्टी नाहीत. वस्तीवरच्या मुलाला दहावीपर्यंत सोबत करण्याचा शब्द ज्या संस्थेने दिला आहे, ती दहा वर्षे टिकलीच पाहिजे. पुढचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा संस्थेच्या बळकटीची ओळ अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी, खाडाखोड करण्यासाठी ठेवू नका. ती पहिल्या पानावर, कारणासकट मांडा.